हाजी अलीचा क्रॉसरोड्स: जागा सोन्याची, मग मॉल का बसला?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: "१९९९ मध्ये ताडदेवला क्रॉसरोड्स सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो, बाबांचं बोट धरून एस्केलेटर पाहायला गेलो होतो. मग त्याचं सोबो सेंट्रल झालं. अलीकडे तिथून जाताना आत अंधारच दिसला. समोर हाजी अली, शेजारी पेडर रोड, आता कोस्टल रोडही दारात आलाय. अशा जागेवरचा मॉल बंद कसा पडतो? आणि तेव्हाच सुरू झालेला लोअर परळचा फिनिक्स मात्र जोरात का? मॉलमधली दुकानं सारखी बदलतात ती का? माझ्या मेहुण्याला मॉलमध्ये गाळा घ्यायचाय म्हणून विचारतोय."

मी पंचवीसेक वर्षं मॉलच्या लीझिंगमध्ये आहे. म्हणजे कुठल्या गाळ्यात कोण बसणार, किती भाड्याने आणि किती वर्षांसाठी, हे ठरवण्याचं काम. क्रॉसरोड्स माझ्या हाताखालून कधी गेला नाही, पण या धंद्यातल्या कुणालाही त्याच्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा जरा लांबण लागेल.

आधी इतिहास. ती जमीन मुळात औषध कंपनीची. पिरामल समूहाने १९९३ मध्ये रोश प्रॉडक्ट्स विकत घेतली आणि तिच्याबरोबर ताडदेवची जागाही आली. दक्षिण मुंबईत औषधं बनवत बसण्यापेक्षा त्या जमिनीचं दुसरं काही करावं, हे कुणालाही सुचलं असतं. दुसरं काही म्हणजे मॉल, हे मात्र त्या काळी फारच थोड्यांना सुचलं असतं. तोवर मुंबईला मोठं दुकान म्हणजे अकबरअलीज, आणि १९९१ मध्ये अंधेरीला निघालेलं शॉपर्स स्टॉप. चेन्नईत स्पेन्सर प्लाझा होता. दिल्लीत अन्सल प्लाझा त्याच १९९९ मध्ये आला. 'भारतातला पहिला मॉल कुठला' या वादात मी पडत नाही, स्पेन्सरवाले आणि क्रॉसरोड्सवाले अजून भांडतात. मुंबईकरांसाठी पहिला तोच, एवढं पुरे.

दीड लाख चौरस फुटांची वास्तू. आजच्या मापाने हे काहीच नाही. कुर्ल्याचा फिनिक्स मार्केटसिटी याच्या कितीतरी पट मोठा आहे. पण तेव्हा काचेचा दर्शनी भाग, थंडगार हवा, एकावर एक मजले आणि सरकते जिने एवढ्यावर शहर लोटलं. तुमच्यासारखे हजारो जण फक्त जिना चढायला-उतरायला आले. गर्दी इतकी झाली की व्यवस्थापनाने काही काळ दारावर नियम लावला: मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा. टीका झाली आणि नियम गेला. वर्गभेदाचा मुद्दा खराच होता. पण मी त्याकडे धंद्याच्या अंगानेही पाहतो, कारण आमच्या क्षेत्राला पहिला धडा तिथे मिळाला. येणारी माणसं मोजायची की पिशवी घेऊन बाहेर पडणारी? आम्ही पहिल्याला फूटफॉल म्हणतो आणि अजूनही जाहिरातीत तोच आकडा छापतो. दुकानदाराचं पोट मात्र पिशवीवर भरतं. बघ्यांना दारात अडवणं हे त्या कोड्याचं सगळ्यात वाईट उत्तर होतं. बरं उत्तर पुढे इतर मॉलनी शोधलं: बघ्यांना खायला घाला. फूड कोर्ट वरच्या मजल्यावर का असतं? खायला जाताना आणि येताना माणूस प्रत्येक मजल्यावरच्या दुकानांसमोरून जावा म्हणून.

आता मूळ प्रश्नाकडे. क्रॉसरोड्समधलं मुख्य मोठं दुकान कुठलं होतं आठवतंय? पिरॅमिड मेगास्टोअर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'वाय' आणि 'आय' यांची अदलाबदल, पिरामल आडनावाची आठवण करून देणारी. मॉल पिरामलांचा, त्यातलं सर्वांत मोठं दुकानही त्याच घराण्याचं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मॉलमध्ये एक-दोन मोठी दुकानं असतात, त्यांना आम्ही अँकर म्हणतो. बाकीची छोटी ती व्हॅनिला. हिशेब असा असतो की अँकर गर्दी खेचतो म्हणून त्याला जागा स्वस्तात द्यायची, आणि त्या गर्दीवर जगणाऱ्या व्हॅनिला दुकानांकडून चौरस फुटामागे कितीतरी जास्त भाडं घ्यायचं. मालकाची खरी कमाई छोट्यांकडून होते. मोठा फक्त गळाला लावलेलं आमिष आहे. हे आमिष चालेनासं झालं की ते बदलायचं, ही मालकाची सर्वांत मोठी जबाबदारी.

पण आमिष आपल्याच भावाचं असेल तर?

मग भाडं या खिशातून त्या खिशात जातं. विक्री कमी झाली तर कुणी नोटीस काढत नाही. आपल्याच दुकानाला टक्कर देईल असा दुसरा ब्रँड शेजारी आणायचा म्हटलं तर घरातून विरोध. लीझिंगचा माणूस मीटिंगमध्ये 'हा अँकर काढून दुसरा आणूया' म्हणूच शकत नाही, कारण समोर त्या दुकानाचाच मालक चहा पीत बसलेला असतो. मी अशा मीटिंगांना बसलोय (क्रॉसरोड्सच्या नव्हे), त्यामुळे हे ऐकीव नाही. एका ठिकाणी मालकाच्या पुतण्याचं फर्निचरचं दुकान तळमजल्यावर, अगदी मुख्य दारासमोर होतं. दिवसाला चार गिऱ्हाईकं यायची. ते वरच्या मजल्यावर न्या, हे सुचवायला मला दीड वर्ष लागलं, आणि सुचवल्यावर पुढच्या सहा महिन्यांत मीच बदललो गेलो.

क्रॉसरोड्सचं पुढे काय झालं? २००० च्या दशकाच्या मध्याला पिरामल कुटुंबात वाटण्या झाल्या, पिरॅमिड रिटेल आणि मॉल एका बाजूला गेले. तोवर शहरात स्पर्धा उभी राहिली होती. २००४ मध्ये मालाडला इनऑर्बिट आला, मुलुंड-अंधेरीलाही मॉल झाले. उपनगरातला माणूस शनिवारी गाडीत बसून ताडदेवला यायचा तो थांबला. मॉल किशोर बियाणींच्या फ्युचर समूहाने घेतला, आणि पिरॅमिडची दुकानं २००७ च्या सुमारास इंडियाबुल्सकडे गेली. बियाणींचा तेव्हा जमाना होता. २००१ मध्ये बिग बाजार काढून त्यांनी मध्यमवर्गाची नस पकडली होती, आणि २००४ मध्ये बंगळुरूला 'सेंट्रल' सुरू केलं होतं. सेंट्रलची कल्पना अशी की अख्खी इमारत हेच एक दुकान, भिंती काढून टाका, शेकडो ब्रँड एकाच छताखाली, एकाच बिलावर. क्रॉसरोड्सचं सोबो सेंट्रल झालं ते असं. सोबो म्हणजे साउथ बॉम्बे, हे उपनगरातल्या वाचकांसाठी सांगितलं. आम्ही डोंबिवलीकर तो शब्द जरा नाक वर करूनच उच्चारतो.

पाहिलंत ना? मालक बदलला, पाटी बदलली, रचना तीच राहिली. मॉल फ्युचर समूहाचा आणि त्यातला मुख्य धंदाही फ्युचर समूहाचाच. पहिल्या खेपेला जी गाठ होती ती दुसऱ्या खेपेला जास्त घट्ट झाली, कारण सेंट्रलमध्ये अँकर आणि मॉल यांच्यात भिंतसुद्धा उरली नव्हती.

समूह जोरात होता तोवर हे दिसलं नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि महाराष्ट्रातले मॉल उघडायला ५ ऑगस्ट उजाडला. त्या चार-साडेचार महिन्यांत प्रत्येक मॉलमालक भाडेकरूंशी वाटाघाटी करत होता: ठरावीक भाडं सोडा, विक्रीचा हिस्सा घ्या, कॅम (म्हणजे सामायिक देखभालीचा खर्च) अर्धा करा. ज्यांच्याकडे दीडशे वेगवेगळे भाडेकरू होते त्यांचे वीस गेले, एकशेतीस राहिले. फ्युचर समूहाने मात्र त्याच ऑगस्टमध्ये सारा किरकोळ धंदा रिलायन्सला २४,७१३ कोटींना विकायचा करार केला. त्या सौद्याविरुद्ध ॲमेझॉन कोर्टात गेलं. आणि मग २०२२ च्या फेब्रुवारीत जे झालं ते आम्हा लीझिंगवाल्यांसाठी पाठ्यपुस्तकातलं प्रकरण आहे. भाडी थकल्यामुळे फ्युचरच्या शेकडो दुकानांच्या जागा रिलायन्सने मूळ मालकांकडून स्वतःच्या नावावर भाड्याने घेतल्या होत्या. दुकान फ्युचरचं, जागेचा करार रिलायन्सचा. एके दिवशी त्यांनी जागा ताब्यात घेतली. कंपनी विकत न घेता दुकानं हातात आली. कोर्टात कुणी काय म्हणालं ते बाजूला ठेवा. किरकोळ धंद्यात खरी किंमत कशाची असते याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. एप्रिलमध्ये कर्ज देणाऱ्यांनी मूळ सौदा फेटाळला, जुलैमध्ये फ्युचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये कंपनी कायदा लवादाने अवसायनाचा, म्हणजे कंपनी गुंडाळून मालमत्ता विकण्याचा, आदेश दिला.

सोबो सेंट्रल या सगळ्यात अडकलं. ज्या समूहाने भाडं द्यायचं तोच बुडाला, आणि ज्याने नवा भाडेकरू शोधायचा तोही तोच. मॉलच्या कंपनीवर बँकांचं सुमारे ५७१ कोटींचं देणं होतं. ते ४७६ कोटींवर मिटलं, आणि २०२४ मध्ये ती वास्तू के. रहेजा कॉर्पकडे गेली. हे तेच घराणं, ज्याने १९९१ मध्ये शॉपर्स स्टॉप काढलं आणि २००४ मध्ये मालाडला इनऑर्बिट. क्रॉसरोड्सचं गिऱ्हाईक पळवणाऱ्यांच्या हातीच शेवटी क्रॉसरोड्स आलं. मुंबईच्या जमिनीला विनोदबुद्धी आहे.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: जागेत काही खोट नव्हती. ऑनलाइन खरेदीने मारलं म्हणावं तर त्याच काळात त्याच शहरात २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात जिओ वर्ल्ड प्लाझा उघडला, आणि शेजारी जिओ वर्ल्ड ड्राइव्हमध्ये त्याच वर्षी ॲपलने भारतातलं पहिलं स्वतःचं दुकान थाटलं. आकार लहान होता हे खरं, वरचे मजले चालत नाहीत हेही खरं. पण ही दुखणी बरी होण्यासारखी होती. मला दिसतं ते एकच: तिथे मालकाला भाडेकरू बदलता येत नव्हता, कारण भाडेकरू तो स्वतःच होता.

फिनिक्स बघा आता. १९०५ ची कापडगिरणी. १९८२ च्या संपाने गिरणगावाची कंबर मोडली, आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम, मग २००१ मधली त्याची दुरुस्ती, यांनी गिरण्यांच्या जमिनी खुल्या झाल्या. त्या कहाणीत न्याय किती झाला हे गिरणी कामगारांच्या घरांच्या लॉटरीची वाट पाहणाऱ्यांना विचारा. मी त्या विषयात मॉलवाल्यांची बाजू घेणार नाही. पण धंदा म्हणून पाहिलं तर फिनिक्सवाल्यांनी एक गोष्ट पाळली: मुख्य दुकान स्वतःचं ठेवायचं नाही. सुरुवातीला बोलिंग अ‍ॅली होती, बिग बाजार होता, पँटलून्स होतं. भोवतीच्या चाळी पडून टॉवर आले, गिऱ्हाईक बदललं, तशी दुकानंही बदलली. मागच्या बाजूला पॅलेडियम उभा राहिला, २०१० मध्ये झारा आलं, मग परदेशी ब्रँडांची रांग लागली. त्यांच्या आवारातल्या हॉटेलाचंच पाहा. २०१२ च्या अखेरीस शांग्री-ला म्हणून उघडलं, वर्षाच्या आत ते गेले, काही काळ पॅलेडियम हॉटेल म्हणून चाललं, २०१५ मध्ये सेंट रेजिस झालं. इमारत तीच, पाटी तिसरी. इतक्या मोठ्या नावालाही 'जमत नसेल तर निघा' म्हणता येणं, यालाच मी मॉल चालवणं म्हणतो.

तुम्ही विचारलंत दुकानं सारखी का बदलतात. बाहेरून ते अस्थिरतेचं लक्षण वाटतं. आतून पाहिलं तर मॉल म्हणजे भाजीवाल्याची पाटी, रोज सुकलेली जुडी काढून ताजी पुढे ठेवावी लागते. करार साधारण तीन, पाच किंवा नऊ वर्षांचे, त्यात पहिली काही वर्षं लॉक-इन, म्हणजे तेवढा काळ जागा सोडता येत नाही. भाडं दोन पद्धतींत जे जास्त भरेल ते. समजा हजार फुटांचा गाळा, किमान भाडं महिना २ लाख, किंवा विक्रीच्या १५ टक्के. विक्री २० लाख झाली तर हिस्सा ३ लाख, तेवढे द्यायचे. विक्री १० लाखच झाली तर हिस्सा दीड लाख, पण द्यायचे २ लाखच. म्हणजे विक्रीच्या २० टक्के नुसतं भाड्यात गेलं, वर कॅम, वीज, पगार. कपड्यांच्या धंद्यात हे फार दिवस झेपत नाही. आम्ही दर महिन्याचा विक्रीचा आकडा थेट दुकानाच्या बिलिंगमधून घेतो, त्यामुळे कोण दमलाय हे त्याच्या आधी आम्हाला कळतं.

काही बदल मात्र कुणाच्याच हातात नसतात. क्रॉसरोड्सच्या काळात मॉलमध्ये कॅसेट-सीडीचं मोठं दुकान हवंच असायचं. प्लॅनेट एम आठवत असेल. ते दालनच जगातून गेलं. २००६ पर्यंत परदेशी ब्रँडला स्वतःचं दुकान काढायची मुभा नव्हती, कुणा भारतीयाला फ्रँचायझी द्यावी लागे. मग एका ब्रँडच्या दुकानात ५१ टक्के आणि २०१२ पासून १०० टक्के परकीय गुंतवणूक चालू लागली, तसे तळमजल्यावरचे देशी ब्रँड वर सरकले. सध्या तर ज्या जागेत पूर्वी फर्निचर होतं तिथे मुलांचे खेळ, जिम, दंतवैद्य बसतायत. दंतवैद्याला तळमजला नको असतो आणि त्याचं गिऱ्हाईक सवलतीची वाट पाहत नाही. माझे आवडते भाडेकरू.

क्रॉसरोड्सपासून दोन मिनिटांवर हाजी अलीच्या कोपऱ्यावर हिरा पन्ना आहे. आयातबंदीच्या काळात परदेशी अत्तर, घड्याळ, वॉकमन हवा असला की माणसं तिथे जायची. ना अँकर, ना सरकता जिना, ना फूटफॉल मोजणारा कॅमेरा. छोटे छोटे गाळे, प्रत्येकात मालक नाहीतर त्याचा मुलगा बसलेला. समोरचा चकचकीत मॉल दोनदा जन्मला आणि दोनदा मेला, हे दुकान मांडून बसलेच आहेत. मग गाळे विकून टाकणं हाच मार्ग का? नाही. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्येही गाळे शेकडो जणांना विकले होते. गर्दी आटली तेव्हा देखभालीचे पैसे द्यायला कुणी तयार नाही, अर्ध्या गाळ्यांना कुलपं, कारभार प्रशासकाकडे. २०२१ च्या मार्चमध्ये तिथे आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या कोविड रुग्णालयातल्या रुग्णांचे जीव गेले. बाजारात शंभर मालक चालतात, कारण प्रत्येकाला आपल्यापुरतं शटर उघडायचं असतं. बंद हवेच्या, लिफ्टच्या, सामायिक वायरिंगच्या इमारतीत कुणीतरी एक जबाबदार लागतो.

असे ओस मॉल थोडेथोडके नाहीत. नाइट फ्रँक या सल्लागार कंपनीने ४० टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेल्या केंद्रांना भुताटकीचे मॉल म्हटलंय. २०२३ मध्ये आठ मोठ्या शहरांत अशी ६४ निघाली, आदल्या वर्षी ५७ होती. यातली बरीचशी छोटी आहेत. त्यातल्या कित्येकांची कागदपत्रं माझ्या टेबलावर येऊन गेलीत. निम्म्यांत आजार गाळे विकल्याचा, उरलेल्यांत क्रॉसरोड्सचा.

आता मेहुण्यांचं. त्यांचा धंदा काय ते तुम्ही लिहिलं नाहीत, तरी चार गोष्टी विचारायला सांगा. अँकर कोण आहे, आणि त्याची लॉक-इन कधी संपते? तुमची पाच वर्षांची आणि त्याची दीड वर्षाची असेल तर सही करू नका. अँकर गेला किंवा अमुक टक्के दुकानं बंद पडली तर आमचं किमान भाडं थांबेल आणि फक्त विक्रीचा हिस्सा लागेल, असं कलम मागा. छोट्या दुकानदाराला ते सहसा देत नाहीत, पण मॉल अर्धा रिकामा असेल तर देतात. भाडं कार्पेट क्षेत्रावर (म्हणजे गाळ्यातल्या वापरायच्या जागेवर) आहे की लोडिंग (म्हणजे सामायिक जागेचा वाटा) धरून, ते टेप लावून मोजा. हजार फुटांचे पैसे देऊन सहाशे फूट वापरणारे मी रोज पाहतो. आणि मंगळवारी दुपारी चार वाजता जाऊन बसा. शनिवारी सगळेच मॉल भरलेले असतात.

शेवटची गोष्ट राहिली. मॉलच्या कंपनीचे संचालक आणि अँकर कंपनीचे संचालक, दोन्ही याद्या कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. शेजारी शेजारी ठेवा आणि आडनावं वाचा.